नोकरीची हमी देणाऱ्या कोडिंग क्लासमध्ये माझे १,१५,१६८ रुपये कसे गेले

मेकॅनिकल, सिव्हिल किंवा बी.एस्सी. करून आता आयटीत जाण्यासाठी जे पुण्यातल्या सहा महिन्यांच्या ‘फुल स्टॅक’ (वेबसाइटची दिसणारी आणि पडद्यामागची अशी दोन्ही बाजू बनवायला शिकवणाऱ्या) कोर्सची चौकशी करत आहेत, त्यांनी पैसे भरण्यापूर्वी हे वाचावे. फुकट डेमो लेक्चर, गोड बोलणारी काउन्सेलर, ‘आजच सीट बुक केली तर सवलत’ हा प्रकार सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे त्यात शिरत नाही.

मी चाकणमधल्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात ३१,००० रुपये पगारावर काम करत होतो. जानेवारी २०२४ मध्ये एका क्लासने मला फी सांगितली ९५,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे १७,१००, म्हणजे एकूण १,१२,१००. त्यांपैकी ७,१०० जागेवर घेतले आणि उरलेल्या १,०५,००० रुपयांसाठी एका वित्तकंपनीचे ‘बिनव्याजी’ कर्ज त्याच टेबलावर काढून दिले. हप्ता दरमहा ८,७५०, बारा महिने. प्रोसेसिंग फीचे २,४७८ रुपये वेगळे लागतील हे मला खात्यातून कापले गेल्यावरच समजले.

फसवणूक लक्षात यायला हवी होती ती तिथेच, त्या टेबलावर. हातात दिलेल्या पावतीवर ‘सर्व करांसह’ असे छापले होते, पण जीएसटी क्रमांक कुठेही नव्हता. पुरवठादारांची बिले तपासणे हे माझे रोजचे काम होते. महाराष्ट्रातला क्रमांक २७ ने सुरू होतो, तो पंधरा अक्षरांचा असतो आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर एका मिनिटात पडताळता येतो, हे मला पाठ होते. मी विचारलेही. “सर, टॅक्स इनव्हॉइस मेलवर येईल, तोपर्यंत मोबाइलवर आलेला ओटीपी सांगा,” असे उत्तर मिळाले आणि मी ओटीपी सांगितला. ‘ॲडमिशन फॉर्म’ म्हणून भरून घेतलेला तो कागद प्रत्यक्षात कर्जाचा करारनामा होता. ते इनव्हॉइस कधीच आले नाही. सरकारच्या नावाने घेतलेले १७,१०० रुपये कोणाच्या खिशात गेले, हा प्रश्न आजही माझा संताप वाढवतो.

मी लोभापायी फसलो असे कोणी म्हणू नये. भिंतीवर लावलेली ऑफर लेटर खरी होती. फक्त ती २०२१ आणि २०२२ मधली होती, जेव्हा आयटीत भरती जोरात सुरू होती. मी गेलो तोवर बाजार उलटला होता. २०२३-२४ या आर्थिक वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिन्ही कंपन्यांची कर्मचारीसंख्या घटली. हे काउन्सेलरला ठाऊक नसणार, यावर माझा विश्वास नाही. भिंतीवरच्या पत्रांची तारीख वाचा.

बॅच दिवसभराची, म्हणून मी नोकरी सोडली. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेचे पहिले काही आठवडे बरे गेले. पुढे शिकवणारे सर निघून गेले आणि स्प्रिंग बूट हे जावातले पुढचे साधन आम्हाला आधीच्या बॅचमधला, स्वतःच नोकरी शोधणारा मुलगा शिकवू लागला. कर्जाची पूर्ण रक्कम वित्तकंपनीकडून क्लासला सुरुवातीलाच मिळालेली असते. त्यानंतर आम्ही शिकलो काय, न शिकलो काय, त्यांचे काहीच अडत नाही. शक्य असेल तर फी महिन्याच्या महिन्याला द्या, आणि जो क्लास त्याला नकार देईल तिथून उठा.

‘प्लेसमेंट’ म्हणून मला खराडीतल्या एका कॉल सेंटरच्या मुलाखतीला पाठवले. मी नाकारल्यावर करारातले कलम दाखवले गेले: संधी नाकारल्यास हमी संपते. जाहिरातीत ‘गॅरंटी’ आणि करारात ‘असिस्टन्स’! मग आणखी ४०,००० रुपयांत दोन वर्षांच्या अनुभवाचे खोटे पत्र देऊ केले. ते मी घेतले नाही आणि तुम्हीही घेऊ नका. पीएफ खात्यातली नोंद तपासली की असे पत्र उघडे पडते आणि त्यानंतर गुन्हेगार आपण ठरतो. ऑगस्टमध्ये क्लासला कुलूप लागले.

पोलीस ठाण्यात माझा अर्ज घेतला, पण गुन्हा नोंदवला नाही. “सही तुम्ही स्वतः केली आहे, हा दिवाणी वाद आहे,” असे सांगून सायबर विभागाकडे पाठवले. तिथे म्हणाले, पैसे ऑनलाइन चोरीला गेलेले नाहीत. तिसऱ्या कार्यालयात रक्कम लहान असल्याचे कारण मिळाले. एकाच बॅचचे इतके विद्यार्थी सारखीच पावती घेऊन उभे असताना प्रत्येकाची रक्कम वेगवेगळी मोजायची आणि प्रत्येकाला लहान ठरवायचे, हा कोणता न्याय? अशा क्लासवर देखरेख कोणाची, याचे उत्तर मला एकाही टेबलावर मिळाले नाही. ठाण्यात गुन्हा नोंदवून घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे वरिष्ठ अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार पाठवता येते, हे मला तिथे कोणी सांगितले नाही. एका वकील मित्राकडून कळले.

वित्तकंपनीचे म्हणणे एका ओळीचे: प्रशिक्षणाचा वाद तुमचा आणि संस्थेचा, हप्ता चुकवू नका. एकदा खात्यात पैसे नव्हते, त्याचा दंड ५९० रुपये. सिबिल खराब होऊन पुढे घराचे कर्ज अडू नये म्हणून मी बंद क्लासचे सगळे हप्ते फेडले. कंपनीने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते; फोनवर बोलत बसू नका, पहिल्या दिवसापासून सगळे ईमेलवर ठेवा.

१९१५ ही ग्राहक हेल्पलाइन मध्यस्थी करते, आदेश देऊ शकत नाही, म्हणून केवळ तिच्यावर विसंबून वेळ घालवू नका. मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकिलाची सक्ती नाही, मात्र मुदत दोन वर्षांची आहे. क्लासबरोबर वित्तकंपनीलाही मी सामनेवाला केले आहे. क्लासचे मालक नोटीस घेत नाहीत, त्यामुळे तारीख पुढे गेली आहे. माझ्या बॅचमधल्या ज्यांनी अजून तक्रार केलेली नाही, त्यांनी पावती, जाहिरातीचे फोटो आणि काउन्सेलरचे व्हॉट्सॲप संदेश घेऊन मुदत संपण्याआधी ती दाखल करावी.