ग्रॅम्प्स आणि साउंडेक्स, आठ महिन्यांच्या वापरानंतर

वंशावळीसाठी ग्रॅम्प्स हा मोफत प्रोग्रॅम घ्यावा की नाही, याचं उत्तर सरळ आहे: घ्या. एका माणसाची पाच तऱ्हेने लिहिलेली नावं त्यात शिस्तीत राहतात. पण नावं जुळवायला त्यातला साउंडेक्स (उच्चारावरून आडनावाचा कोड काढणारी पद्धत) मराठी आडनावांवर आहे तसा चालवू नका.

अमेरिकेत १९१८ साली पेटंट झालेली ही पद्धत. पहिलं अक्षर तसंच राहतं, पुढचे स्वर गळतात, उरलेल्या बहुतेक व्यंजनांना १ ते ६ पैकी आकडे मिळतात आणि पहिले तीन आकडे धरले जातात, कमी पडले तर शून्य भरतात. देवनागरी तिला कळत नाही, इंग्रजी स्पेलिंगच द्यावं लागतं. आणि तिथेच आपला 'व' नडतो. व्हीला १ मिळतो, डब्ल्यूला काहीच नाही. त्यामुळे व्ही घालून लिहिलेले तावडे टी-१३०, डब्ल्यू घालून लिहिलेले टी-३००. एकाच चाळीतले सख्खे भाऊ दोन कोडांत! वाघ तर पहिल्याच अक्षराला फुटतात.

उपाय सोपा. कोड काढण्याआधी स्पेलिंगची एक कामचलाऊ प्रत करा आणि तिच्यात प्रत्येक डब्ल्यूचा व्ही करा, झेडचा जे करा, 'च'मधला सी सोडून 'क'साठी आलेल्या सीचा के करा. ब्रिटिश कागदांत 'ड'चा आर होतो (गायकवाडांचं 'गायकवार' तसंच झालं), म्हणून 'ड' असलेल्या आडनावाचे दोन कोड काढा. यात मूळ नोंदीला हात लावायचा नाही. रजिस्टरात चूक असेल तर चुकीसकट उतरवायची.

उलट बाजूही आहे. पाटील आणि पटेल दोघेही पी-३४०. मुंबईत हे म्हणजे संकटच. जोशी आणि जोग दोघेही जे-२००. तेव्हा कोड जुळला म्हणजे माणूस जुळला असं नाही. वडिलांचं नाव, मूळ गाव आणि वय, या तिन्हींपैकी दोन गोष्टी जुळल्याशिवाय नोंद जोडू नये.

जोडताना व्यक्तीच्या नोंदीतल्या नावांच्या टॅबमध्ये नवं पर्यायी नाव टाका आणि त्या नावालाच स्रोत जोडा: कुठलं रजिस्टर, कुठलं पान, कुठलं साल. स्रोत व्यक्तीला जोडून नाव मोकळं सोडलं, तर सहा महिन्यांनी कुठलं स्पेलिंग शाळेच्या दाखल्यातलं आणि कुठलं जन्मनोंदीतलं हे सांगता येत नाही. बायकांच्या बाबतीत लग्नानंतरचं नाव वेगळ्या प्रकारात भरा. जिथे सासरी पहिलं नावही बदललेलं असतं, तिथे कुठलाच कोड कामाला येत नाही.

मोडीवरून आलेल्या नोंदींत ऱ्हस्व-दीर्घावर विसंबू नका, मोडीत तो भेद सहसा पाळलेलाच नसतो. फॅमिलीसर्चसारख्या जुन्या नोंदींच्या वेबसाइटवर शोधताना साउंडेक्सपेक्षा खुणा बऱ्या: प्रश्नचिन्ह म्हणजे एक अक्षर, तारांकन म्हणजे कितीही. टी-ए, मग प्रश्नचिन्ह, मग तारांकन, मग डी-ई, एवढ्यात तावडे बहुतेक स्पेलिंगांत सापडतात. तरी कोणी दिसलंच नाही, तर आडनावाच्या रकान्यात वडिलांचं नाव घालून पाहा. जिथे आडनाव लिहिलेलंच नव्हतं, तिथे इंग्रजी सूचीत 'तुकाराम' हेच आडनाव होऊन बसलेलं असतं.