स्वीट पी, वाल का गोकर्ण? जाळीवर काय चढवावं

कंपाउंडच्या जाळीवर नाहीतर गच्चीच्या कठड्यावर शेंगावर्गातला एखादा वेल सोडायचाय, कोणता लावू, असं विचारणाऱ्यांनी आधी मोबाईलमधले फुलांचे फोटो बाजूला ठेवा आणि मार्च ते जून तुमच्या नळाला कितव्या दिवशी पाणी येतं ते सांगा. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या मुलखात वेल लावायचाय, रंगाचं नंतर बघू.

स्वीट पी मूळचा सिसिलीकडचा, थंडी मानवणारा. आपल्याकडं पाऊस पूर्ण उघडल्यावर ऑक्टोबरात बी टोकायचं, जानेवारी-फेब्रुवारीत फुलं बघायची आणि मार्चात ऊन तापलं की खालून पानं पिवळी पडत वेल गेलाच समजा, मग बादल्या ओतल्या तरी उपयोग नाही. पण तेवढ्या दिवसांत जो वास सुटतो ना, त्याला तोड नाही, बाकीच्या दोघांकडं असला वास नाहीच. लाड मात्र लई. रोप चार-पाच पानांचं झालं की शेंडा खुडायचा म्हणजे फांद्या फुटतात, आणि फुलं तोडत राहायची, कारण शेंगा धरल्या की वेल फुलायचं आवरतं घेतो. ह्याचे तणावे मटारसारखे बारीक, जाड बांबू त्यांना धरताच येत नाही, सुतळी किंवा कोंबड्याची जाळी पाहिजे. आणि शेंगा दिसतात मटारसारख्या पण दाणे विषारी आहेत, हा लाखेच्या डाळीचा भाऊबंद, घरात बारकी लेकरं असतील तर विचार करा.

वाल म्हणजे भाजीचा हिशोब. जूनमध्ये लावला तर नुसता पाला माजतो आणि लोक वैतागून खत घालत बसतात, पण गावरान वाल दिवस लहान झाल्याशिवाय फुलतच नाही, दिवाळीपर्यंत दम धरा. बुटक्या जाती लवकर येतात पण त्या जाळीवर चढत नाहीत. वजन लई होतं, साधी जाळी लोंबते, मांडवच घालावा लागतो. शेंड्यावर काळा मावा हमखास, पाण्याचा जोरात फवारा आणि निंबोळी अर्क, तेवढं पुरतं.

राहिला गोकर्ण. बी टणक असतं, रात्रभर भिजवा, तरी फुगलं नाही तर पॉलिश पेपरवर जरासं घासा. पहिल्या चांगल्या पावसावर लावलं की साधारण दोन महिन्यांत फूल. बांबू असो, तार असो, वेल स्वतःच गुंडाळत वर जातो. एप्रिल-मेमध्ये झुरतो, पानं गळतात, मेला असंच वाटतं, पण जमिनीत लावलेला असेल तर मूळ खोल गेलेलं असतं आणि पाऊस पडला की बुडातून पुन्हा फुटतो. कुंडीत हे जमत नाही हां, कुंडीला उन्हाळाभर पाणी द्यावंच लागतं. फुलं देवाला होतात, चहाला होतात, त्या निळ्या चहात लिंबू पिळलं की जांभळा होतो, पोरं त्याच्यावरच खुश. एकच कटकट, वाळलेल्या शेंगा तडकून बी सगळीकडं उडतं, पुढच्या पावसाळ्यात फरशीच्या फटीतनं पण रोपं निघतात.

काळ्या मातीत तिघांचंही एकच दुखणं, पाणी तुंबलं की मूळ सडतं. शेणखत आणि वाळू मिसळा, आळं जरा उंचावर करा. युरियाच्या नादी लागू नका, ह्यांच्या मुळावरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात, वरून घातलं की नुसता पाला.

माझं विचाराल तर टँकरच्या गावात डोळे झाकून गोकर्ण, जमिनीतच. हिवाळ्यात पाणी नीट असेल तर दारापाशी एका कुंडीत स्वीट पी लावा, वासापुरता. वाल घरचे खात असतील तरच.

गोकर्णाचं बी विकत घेऊ नका, कुणाच्या ना कुणाच्या कंपाउंडवर शेंगा लोंबत असतातच, मागितल्या तर नाही म्हणत नाहीत. स्वीट पीचं पाकीट मात्र घ्यावं लागतं, मागची तारीख बघून घ्या, जुनं बी उगवत नाही आणि दुकानदार परत घेत नाही.