रामनदीवर आठ महिने: पाणी तपासणीच्या किटचा अनुभव

गेल्या जूनमध्ये हे किट घेतलं आणि तेव्हापासून जवळपास दर रविवारी ते खांद्याला लावून रामनदीच्या काठाने फिरते आहे. खाटपेवाडीकडे उगम, मग भूगाव, बावधन, पाषाण तलाव, सोमेश्वरवाडी, बाणेर आणि औंधजवळ मुळेला जाऊन मिळणं, असा हा छोटासा प्रवाह. माझं लहानपण याच्या काठावर गेलं. पाणी बिघडलंय हे डोळ्यांना दिसत होतंच; ते कुठे, कधी आणि कशाने बिघडतं हे समजून घ्यायचं होतं. कोणी असं किट घ्यायचा विचार करत असेल तर त्यातलं काय कामाचं आणि काय नाही, ते सांगते.

टीडीएसचा पेन सगळ्यात आधी बाजूला पडला. बटण दाबलं की आकडा येतो, म्हणून पहिले दोन महिने मी त्याच्याच मागे होते. मग एकदा आमच्या सोसायटीच्या बोअरचं पाणी मोजलं, तर त्याचा आकडा बावधनच्या नाल्यापेक्षा जास्त आला! टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, बस. बोअरला ते खडकातून येतात. मैलापाणी आहे का, मासा जगेल का, हे त्यातून कळत नाही. एकाच जागेचा आकडा अचानक उडाला तर वर काहीतरी सोडलंय एवढी शंका घेता येते.

खरं सोनं म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची बाटली. ही विंकलर यांची 1888 सालची पद्धत, आणि अजून तिला तोड नाही. काचेची बाटली पाण्याखालीच भरायची, बुडबुडा राहू द्यायचा नाही. दोन रसायनं घातली की तपकिरी साका बसतो. मग आम्ल घालायचं, शेवटी स्टार्च, आणि निळा रंग जाईपर्यंत थेंब मोजायचे. माझ्या किटमध्ये एक थेंब म्हणजे लिटरमागे अर्धा मिलीग्रॅम. पुण्याच्या उंचीवर 25 अंशाच्या पाण्यात साडेसात-पावणेआठ मिलीग्रॅम ऑक्सिजन मावतो. मासे आणि वन्यजीवांसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने किमान 4 ठरवला आहे. जानेवारीत एका पुलाखाली साका तपकिरी झालाच नाही, पांढराच राहिला. पांढरा साका म्हणजे पाण्यात ऑक्सिजन नाही. थेंब मोजायची गरजच उरली नाही. त्या दिवशी मी पुढच्या जागेवर न जाता घरी परतले.

पण या बाटलीनेही मला तलावावर चकवलं होतं. पाषाणला मी नेहमी दुपारी तीनच्या सुमारास जायची आणि 22 थेंब, म्हणजे 11 मिलीग्रॅम यायचे. वाटलं, तलाव तर छान आहे. काठावर गळ टाकून बसलेले एक काका म्हणाले, "ताई, तुम्ही दुपारी कशाला येता? पहाटे या. चिलापी वर येऊन कशी तोंडं उघडतात बघा." पुढच्या रविवारी सहाला गेले. 4 थेंब. म्हणजे फक्त 2 मिलीग्रॅम. दिवसा हिरवं शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं, म्हणून दुपारी तो मावतो त्याच्याही वर जातो. रात्री तेच शेवाळ आणि तळातला कुजणारा गाळ मिळून तो खाऊन टाकतात. तेव्हापासून प्रत्येक नोंदीपुढे वेळ लिहिते. वेळ नसलेली नोंद माझ्या लेखी बाद.

याच दुपारच्या खेळात पीएचही (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी, ते सांगणारा आकडा) चढतो, कारण शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. पीएच चढला की पाण्यातल्या अमोनियाचा विषारी भाग वाढतो. म्हणून अमोनियाची नळी काढाल तेव्हा पीएच आणि तापमान सोबत मोजाच.

पाणी किती नितळ आहे, म्हणजे किती खोलीपर्यंत दिसतं, ते बघायला काळीपांढरी सेकी चकती दोरीला बांधून तलावाच्या बंधाऱ्यावरून सोडते. पावसाळ्यात ती गाळाने दिसेनाशी होते आणि थंडीत शेवाळाने. खोली कधीकधी तीच भरते, म्हणून शेजारी पाण्याचा रंग लिहायचा. नायट्रेटच्या पट्ट्या मात्र जुलैच्या दमट हवेत डबीतच रंगल्या; त्यांचे पैसे वाया गेले. जंतूंमुळे काळी होणारी बाटली नदीसाठी घेऊ नका. उघड्यावरचं पाणी बहुतेकदा ती काळी करतंच, त्यातून नवीन काय कळणार? विहिरीला किंवा झऱ्याला तिचा उपयोग आहे.

आणि आता जाळी. किटमध्ये ती नव्हती, चौकट करून आणून मी शिवून घेतली. प्रवाहात जाळी उभी धरायची, तिच्या वरच्या अंगाचे दगड पायाने ढवळायचे आणि वाहून आलेले जीव पांढऱ्या ताटात ओतायचे. ऑक्टोबरमध्ये वरच्या अंगाला, वस्तीच्या आधी, दगडाला चिकटलेली सपाट अंगाची, तीन शेपट्यांची मेफ्लाय या कीटकाची पिल्लं मिळाली. चतुराच्या अळ्याही होत्या. ताट बघून मला रडू आलं, इतकी वर्षं मी इथे राहते आणि हे कधी पाहिलंच नव्हतं. खाली बावधनला त्याच सकाळी ताटात फक्त लाल अळ्या आणि गांडुळासारखे बारीक किडे. त्या अळ्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून ऑक्सिजन संपत आला तरी त्या तगतात. ब्रिटनमध्ये अशा जीवांच्या कुळांना 1 ते 10 गुण देण्याची पद्धत निघाली, आपल्या मंडळानेही ती भारतीय नद्यांसाठी बदलून वापरली. सपाट मेफ्लायच्या कुळाला 10, लाल अळ्यांना 2. गुणांच्या बेरजेला कुळांच्या संख्येने भागायचं; उत्तर जितकं मोठं तितकं पाणी चांगलं. बाटली त्या घटकेचं सांगते. रात्री कोणी टँकर रिकामा करून गेलं आणि सकाळपर्यंत पाणी पुढे सरकलं, तर बाटलीला पत्ता लागत नाही. ताटातले जीव तिथे कित्येक आठवडे राहिलेले असतात.

तक्रारी दोन. माहितीपुस्तिकेत रसायनांची मुदत बारीक अक्षरात होती. माझा स्टार्च चौथ्या महिन्यात बिघडला आणि तीन रविवारच्या नोंदी खोडाव्या लागल्या. दुसरं म्हणजे ऑक्सिजनच्या रसायनात ॲझाइड असतं, ते विषारी आहे, आणि याची ठळक सूचना कुठेच नाही. हातमोजे घाला, मुलांच्या हाती ते देऊ नका, वापरलेलं पाणी कॅनमध्ये साठवा, नदीत अजिबात ओतू नका.

नवीन घेणाऱ्यांनी ऑक्सिजनची बाटली, थर्मामीटर, पीएच आणि जाळी एवढंच घ्यावं. मी स्टार्च नवा मागवला आहे. एप्रिल-मेमध्ये पाणी सगळ्यात कमी असतं, तेव्हा मी तपासते त्या सगळ्या जागी पहाटेच्या नोंदी घ्यायच्या आहेत. काकांनीही यायचं कबूल केलंय.