‘डेटा नाही तर पैसे नाहीत’ ही पाटी दिसली की उलट पावली फिरा

३२,८०० रुपये. एवढे पैसे मोजून माझ्या हाती आली कोऱ्या फायलींनी भरलेली एक नवी हार्ड डिस्क, आणि जुनी डिस्क कायमची मेली. नाशिकमध्ये फोटोग्राफी करणाऱ्या, अकाउंट सांभाळणाऱ्या, घरचे व्हिडिओ जपून ठेवणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं म्हणून लिहितोय. बिघडलेल्या डिस्कमधला डेटा परत काढून देतो म्हणणाऱ्या त्या दुकानाचं नाव इथे लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे.

डिस्कवर २०१५ च्या सिंहस्थाचं माझं सगळं काम होतं. २९ ऑगस्टचं पहिलं शाहीस्नान, मग १३ आणि १८ सप्टेंबरचं. तपोवनातलं साधुग्राम, निर्वाणी, दिगंबर आणि निर्मोही या तिन्ही आखाड्यांच्या मिरवणुका, पहाटेचा रामकुंड. पुढचा सिंहस्थ तोंडावर आलाय, त्याआधी प्रदर्शन करायचं म्हणून डिस्क काढली, तर विंडोज म्हणतंय, ‘वापरण्याआधी फॉरमॅट करा.’ मी फॉरमॅट केलं नाही. डिस्क ताबडतोब काढून ठेवली, म्हणजे जे करायला हवं तेच केलं. ‘दुसरी प्रत नव्हती का?’ असं विचारणाऱ्यांना आधीच सांगतो, होती. डीव्हीडीवर होती, आणि त्या डीव्हीडी आता कुठल्याच ड्राइव्हवर वाचल्या जात नाहीत.

दुकान शहराच्या मध्यवस्तीत. काचेवर मोठ्या अक्षरात ‘डेटा नाही तर पैसे नाहीत’. आत गेल्यावर कळलं की ‘तपासणी फी’ या वाक्यात धरत नाहीत. २,५०० रोख, परत न मिळणारे. दिले. डॉक्टरसुद्धा तपासायचे पैसे घेतो, त्यात वावगं काय वाटणार?

दुसऱ्या दिवशी बोलावलं. ‘साहेब, रात्रभर स्कॅनला लावली होती, सगळं दिसतंय तुमचं.’ स्क्रीनवर माझीच फोल्डरं. ‘रामकुंड पहाटे’, ‘साधुग्राम’, ‘मिरवणूक होळकर पूल’. मीच दिलेली नावं, प्रत्येक फाइलचा आकार, तारीख, सगळं जागच्या जागी. खाली हिरवी पट्टी, ९८ टक्के. मी म्हटलं, एक फोटो उघडून दाखवा. त्यावर तो पटकन म्हणाला, ‘फुकटच्या ट्रायलमध्ये प्रिव्ह्यू येत नाही. सॉफ्टवेअरची लायसन्स-की विकत घेतली की सगळं उघडतं.’ खिडकीत उजवीकडे प्रिव्ह्यूचा चौकोन होता. करडा, रिकामा. मी तो डोळ्यांनी बघितला.

तो चौकोन आठवला की अजून रक्त उसळतं. कारण खरं नेमकं उलटं आहे! डेटा परत काढणाऱ्या अशा बहुतेक सॉफ्टवेअरची ट्रायल फुकट देते ती गोष्टच मुळी प्रिव्ह्यू असते. आधी फोटो बघा, पटला तर पैसे भरून सेव्ह करा, असा त्यांचा धंदा. प्रिव्ह्यू येत नव्हता, कारण त्या नावांच्या मागे वाचता येईल असं काही उरलं नव्हतं. फाइलचं नाव, आकार आणि तारीख डिस्कवर एका वेगळ्या तक्त्यात असतात, विंडोजच्या एनटीएफएसमध्ये (फायली डिस्कवर मांडून ठेवायच्या पद्धतीत) त्याला एमएफटी म्हणतात. तो वाचता आला की यादी दिसते. पुस्तकाची अनुक्रमणिका शाबूत आणि आतली पानं फाटलेली, असा तो प्रकार. पण स्वतःच्या मुलांची नावं दिसावीत तशी ती फोल्डरं समोर असताना कोण शंका घेत बसेल? फोटो काढणं हा माझा धंदा, फाइल सिस्टिम नव्हे. ज्याचा धंदा आहे त्याच्याकडे म्हणून तर गेलो होतो.

त्या लायसन्स-कीचे १४,००० त्याच ठिकाणी यूपीआयने दिले. पैसे गेले ते एका व्यक्तीच्या नावावर, दुकानाच्या नव्हे. (क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पाटीवरचं नाव आणि फोनवरचं नाव जुळत नसेल तर तिथेच थांबा.) बिल मागितलं तर चिठ्ठी मिळाली, ‘हार्ड डिस्क १ नग, रिपेअर’. मग फोन आला, हेड (डिस्कच्या चकतीवरचा डेटा वाचणारा भाग) गेलंय, मुंबईहून डोनर डिस्क, म्हणजे सुटे भाग काढायला तशीच दुसरी डिस्क, मागवावी लागेल, ९,५०० रोख. शेवटी, डेटा आमच्याच नव्या डिस्कवर देणार, तिचे ६,८००. पैसे हातात पडल्याशिवाय डिस्क हातात नाही.

घरी आलो. फोल्डरं आहेत, नावं आहेत, जीबी भरलेत. फोटो उघडत नाही. दुसरा नाही, तिसरा नाही. एका मित्राने फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलच्या आतले कच्चे आकडे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडून दाखवली. जेपेग फोटोच्या फाइलची सुरुवात ‘एफएफ डी८’ अशी व्हायला हवी. इथे पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत ०० ०० ०० ००. रिकाम्या जागेला माझ्या फोटोंची नावं चिकटवून मला विकली होती.

जाब विचारला तर उत्तर, ‘फाइली करप्ट आहेत, आम्ही रिकव्हर करून दिल्या, रिपेअरचं वेगळं पॅकेज आहे.’ पूर्ण शून्य भरलेली फाइल जगातलं कुठलंच सॉफ्टवेअर दुरुस्त करू शकत नाही. त्या पॅकेजला एक रुपया देऊ नका.

जुनी डिस्क पुण्याच्या एका लॅबमध्ये नेली. तिथल्या इंजिनिअरने आधी कडेचा स्क्रू झाकणारा स्टिकर दाखवला, ब्लेडने कापलेला. मग त्यांच्या स्वच्छ खोलीत झाकण उघडून सूक्ष्मदर्शकाखालचा फोटो दिला. आरशासारख्या चकतीवर गोल ओरखडा, आणि कडेला बोटाचा ठसा. डिस्कचं हेड चकतीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं, हवेतला धुळीचा कण त्या फटीपेक्षा कित्येक पट मोठा. ती डिस्क साध्या टेबलावर, पंख्याखाली उघडली गेली होती. इंजिनिअर म्हणाला, सुरुवातीला बहुधा खराब सेक्टर (डेटा ठेवायचे डिस्कवरचे छोटे कप्पे) वाढले असतील, हेड कमकुवत झालं असेल. अशा डिस्कची आधी सेक्टर-न्-सेक्टर प्रत काढतात, मूळ डिस्कवर काही न लिहिता, अडलेला भाग सोडून पुढे जात, आणि पुढचं सगळं काम त्या प्रतीवर. रात्रभर मूळ डिस्कवरच स्कॅन चालवणं म्हणजे तिला मारणं. म्हणजे मी दुकानात शिरलो तेव्हा माझे फोटो बहुधा जिवंत होते.

आता पोलीस. ठाण्यात सांगितलं, कॉम्प्युटरचं प्रकरण आहे, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, तुम्ही स्वतः दुकानात जाऊन वस्तू दिली, यात ऑनलाइन काय? ठाण्यात जा. परत ठाण्यात. चिठ्ठी बघून साहेब म्हणाले, ‘रिपेअर लिहिलंय, रिपेअर नीट झालं नाही, दिवाणी बाब आहे.’ मी कोऱ्या फायली दाखवायला लॅपटॉप उघडला तर त्यांनी बघितलंसुद्धा नाही. विचारलं काय, तर ‘डिस्कची किंमत किती?’ नवी पाच हजारांची. ‘मग पाच हजारांसाठी एवढं?’ १८ सप्टेंबरच्या पहाटेची किंमत कुठल्या रकान्यात लिहायची हो? खोटं सांगून पैसे उकळणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ नुसार फसवणूक आहे, हे मी त्यांना सांगायचं आणि त्यांनी मला ‘वकील आहात का’ विचारायचं! लेखी अर्ज दिला तर पोच द्यायला टाळाटाळ. शेवटी तोच अर्ज वरिष्ठांना रजिस्टर टपालाने पाठवला, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ती सोय आहे. उत्तर अजून नाही. आणि डिस्क उघडणारा माणूस काय शिकलाय, कुठे उघडतो, हे तपासायला कोणी नाही. उद्या मोबाइलची काच बदलणाऱ्यानेही पाटी लावली तर त्याला कोण अडवणार?

तुमच्यावर वेळ आली तर हे लक्षात ठेवा. फाइल चुकून डिलीट झाली असेल आणि डिस्क धडधाकट असेल तर लगेच वापर थांबवा, कारण त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत डेटा तिथेच असतो. टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही डेटा परत काढणारी सॉफ्टवेअर फुकट आहेत. सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर टाकू नका, परत मिळालेल्या फायली त्याच डिस्कवर सेव्ह करू नका. फोटोरेक मूळ नावं देत नाही, पण देतो तो सहसा खरा फोटो असतो. विंडोजमधलं चेकडिस्क तर चालवूच नका, ते फाइल सिस्टिम नीट करतं, तुमचे फोटो नव्हे. एसएसडीवर (फिरती चकती नसलेल्या, चिपवाल्या डिस्कवर) ट्रिम, म्हणजे डिलीट झालेली जागा आपोआप साफ करणारी सोय, चालू असेल तर डिलीट झालेलं सहसा परत येत नाही, ‘हमखास आणतो’ म्हणणारा खोटं बोलतोय. टकटक आवाज आला की वायर काढा. त्यापुढे सॉफ्टवेअर काही करू शकत नाही. डिस्क फ्रीजमध्ये ठेवा म्हणणाऱ्याचं ऐकू नका. ‘डिस्कचं सर्किट बोर्ड बदलतो, हजार रुपये’ म्हणणाऱ्याला विचारा की जुन्या बोर्डवरची रॉम चिप काढून बसवणार का, कारण त्या डिस्कची स्वतःची मोजमापं तिच्यात असतात. दुकानदाराने यादी दाखवली तर मधल्याच एखाद्या फोल्डरमधला मोठा फोटो पूर्ण स्क्रीनवर उघडायला लावा. डिस्क देताना स्टिकरसकट सगळ्या बाजूंचे फोटो काढा, सीरियल नंबर पावतीवर लिहून घ्या, ‘विचारल्याशिवाय उघडणार नाही’ हेही लिहून घ्या.

ग्राहक आयोगात, वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, तक्रार ऑनलाइन करता येते, मुदत दोन वर्षं. समोरच्याने आत्ताच नोटिशीला उत्तर दिलंय की मी व्यावसायिक आहे, ग्राहक नाही. कायद्यात मात्र स्वयंरोजगारावर पोट भरणारा ग्राहकच आहे, आणि मी ते मांडणार आहे. पुण्याच्या लॅबचा लेखी अहवाल जोडलाय. नाशिकमध्ये आणखी कोणाला अशाच नुसत्या नावांच्या फायली मिळाल्या असतील तर त्या डिलीट करू नका, चिठ्ठी आणि यूपीआयची नोंद जपून ठेवा आणि मला कळवा. एकापेक्षा जास्त तक्रारी एकाच दुकानाच्या निघाल्या तर ‘रिपेअर नीट झालं नाही’ हे उत्तर आयोगापुढेही चालणार नाही आणि ठाण्यातही नाही.