रिमवरचा गोंद: ऊब, सॉल्व्हंट की रबरी चकती?

चाकाचा तोल साधायला रिमला चिकटवलेलं बॅलन्सिंगचं वजन निघून येतं, पण मागची फोमची टेप अलॉय रिमला तशीच धरून बसते. तिच्यावर ब्रेकची काळी भुकटी साचते, वर्षभरात थर दगडासारखा होतो. तो काढायची पद्धत गोंद पाहून नाही, रिमचं फिनिश पाहून ठरवा. कारखान्यात भाजलेला रंग आणि त्यावर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक संरक्षक थर, असेल तर बरंच काही खपतं. स्प्रे कॅनने मारलेला रंग थिनरचं बोट लागलं तरी उठतो. पावडर कोटिंग (रंगाची भुकटी भाजून चढवलेला थर) टणक असतं, पण ॲसिटोनने तेही मऊ पडतं.

कुठलीही पद्धत घ्या, चाक गार हवं आणि आधी शाम्पूने धुतलेलं हवं. ब्रेकच्या भुकटीत धातूचे कण असतात. ती कापडाखाली आली की गोंदाआधी क्लिअर कोटच घासला जातो, आणि दोष मात्र सॉल्व्हंटला (गोंद विरघळवणाऱ्या द्रवाला) दिला जातो.

सर्वांत बिनधोक म्हणजे ऊब. हेअर ड्रायर 10 ते 15 सेंटीमीटरवर धरून एक-दोन मिनिटं फिरवत राहा. हात जेमतेम ठेवता येईल इतकी रिम तापली की पुरे. मग प्लॅस्टिकची पट्टी जवळजवळ आडवी धरून फोमच्या कडेखाली सारायची. ऊब थोडी चुकली तर फोम मधोमध फाटतो आणि अर्धा थर मागे राहतो. अशा वेळी जोर न लावता पुन्हा तापवा. ॲल्युमिनियम उष्णता चटकन पसरवतं, त्यामुळे जागा तापायला वेळ लागतो. इथेच धीर सुटून माणूस हीट गन उचलतो. तिची हवा काहीशे अंशांपर्यंत जाते, एका जागी रेंगाळली की क्लिअर कोटला फोड येतात. धातूचं पातं तर नकोच.

ऊब फोम काढते. खाली उरणारी पातळ चिकट साय मात्र सॉल्व्हंटचं काम आहे. इथे मिनरल टर्पेंटाइन, संत्र्याच्या सालीच्या तेलावरचा गोंद-रिमूव्हर किंवा डांबराचे डाग काढणारं रिमूव्हर, यांतलं काहीही कारखान्याच्या रंगावर चालतं. ओतून लगेच घासू नका. कापडाची घडी भिजवून डागावर 5 ते 10 मिनिटं ठेवा, वर प्लॅस्टिकची पातळ फिल्म दाबा, म्हणजे द्रव उडून जाणार नाही. गोंद फुगला की बोटानेही गोळा होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल एकटं या गोंदापुढे कमजोर पडतं, नुसतं पसरवतं. त्याची खरी जागा शेवटच्या पुसण्याला. ॲसिटोन आणि थिनर झटपट वाटतात, पण मुरण्याआधी उडतात आणि रंगावर मात्र काम करून जातात. प्लॅस्टिकच्या व्हील कव्हरला तर त्यांनी तडेही जातात. हे सगळे द्रव पेट घेणारे आहेत, तेव्हा उघड्यावर, हातमोजे घालून, आणि चाक गाडीवरच असेल तर ब्रेक डिस्क झाकूनच काम करा.

ड्रिलला लावायची रबरी चकती चारही चाकांचा वाळलेला फोम तासाभरात काढून टाकते. कमी वेगावर, हलका दाब देऊन, सतत सरकवत ठेवायची. एका जागी थांबली की घर्षणाची उष्णता रंग करपवते. रिमच्या धारदार कडांवर रंग पातळ असतो, तिथे ती नकोच. चुरा उडतो, म्हणून चष्मा लागतो. दुरुस्त केलेल्या किंवा घरी रंगवलेल्या रिमवर ही चकती आणू नका.

निवड करायची तर: एक-दोन डागांना ऊब आणि टर्पेंटाइन. सगळ्या चाकांवर जुनाट थर असेल आणि रंग कारखान्याचा असेल तर चाक उतरवून चकती. स्प्रे केलेल्या रिमला फक्त ऊब, उरलेलं अंगठ्याने चोळून. शंका असेल तर आतल्या बाजूला एक मिनिट भिजलेला कापूस ठेवून पाहा. त्याला रंग लागला किंवा जागा मंद पडली तर तो द्रव बाजूला ठेवा.

टर्पेंटाइन आणि संत्र्याचं तेल मागे तेलकट पापुद्रा ठेवतात. नवं वजन तिथेच बसवायचं असेल तर आधी शाम्पू, मग अल्कोहोल, नाहीतर ते पहिल्याच वेगात उडेल. आणि अजून चिकटून असलेलं वजन खरवडलंत, तर चाक पुन्हा बॅलन्स करून घ्यावं लागेल.