पेजरवर निरोप टाकायचा कोणी आणि कसा? नागपुरातल्या मध्यम रुग्णालयासाठी तुलना

धंतोली किंवा रामदासपेठेत तीस-चाळीस खाटांचं रुग्णालय चालवणारे हल्ली पुन्हा विचारू लागलेत: स्टाफला बोलवायला पेजर बसवायचे, तर कोणते? तोवर त्यांच्या हातात दोन-तीन कोटेशनं आलेली असतात आणि तुलना चाललेली असते स्क्रीनची, रेंजची, बॅटरीची. माझ्या मते तुलना दुसऱ्या टोकाला करायला हवी. पेजर खिशात गप्प पडून असतो. वेळ जातो आणि चुका होतात त्या निरोप टाकणाऱ्याच्या टेबलाशी.

हिशेब करून बघा. साध्या पेजरपैकी पुष्कळसे अजूनही पोकसॅग या रेडिओवरून निरोप पाठवायच्या पद्धतीवर चालतात. तिचे वेग तीन: सेकंदाला ५१२, १२०० आणि २४०० बिट. एका अक्षराला ७ बिट लागतात, म्हणजे चाळीस अक्षरांच्या निरोपाला २८० बिट. आधी पेजरला जागं करणारी ५७६ बिटांची हाक जाते, मग प्रत्येकी ५४४ बिटांच्या जास्तीत जास्त दोन बॅच, म्हणजे निरोप वाहून नेणारे ठरावीक मापाचे गठ्ठे. सगळं मिळून १६६४ बिट, म्हणजे १२०० च्या वेगाने दीड सेकंदाच्या आत काम झालं. तोच निरोप कुणाला तरी फोनवर सांगून टाइप करून घ्यायला अर्धं-पाऊण मिनिट सहज जातं. म्हणून वाचवायचा वेळ इथे आहे. कुठल्या कंपनीचा पेजर २४०० ने चालतो यावर चर्चा करण्यात फार अर्थ नाही.

निरोप टाकायच्या मुख्य पद्धती चार.

ऑपरेटरला सांगणे

सिस्टर इंटरकॉमवरून रिसेप्शनला सांगते, रिसेप्शनवरची मुलगी टाइप करून पाठवते. १९९५ च्या सुमारास आपल्याकडे सार्वजनिक पेजर सेवा सुरू झाली तेव्हा बहुतेक ठिकाणी हाच रिवाज होता: फोन करा, नंबर सांगा, निरोप सांगा. सांगणाऱ्याला काहीच शिकावं लागत नाही, हा याचा मोठा गुण. बाहेरून येणाऱ्या कन्सल्टंटला किंवा नातेवाइकाच्या फोनला आजही हीच पद्धत बरी.

वॉर्डातल्या रोजच्या कामाला मात्र ती नको. एप्रिल ते जून आपल्या वॉर्डांत कूलर घरघरत असतात. त्या आवाजात फोनवर ‘सात’ आणि ‘साठ’ यांत फरक कळत नाही, ‘एकोणतीस’ आणि ‘एकोणचाळीस’मध्येही घोळ होतो. त्यात अर्धा स्टाफ मराठी बोलणारा, अर्धा हिंदी, काही सिस्टर केरळच्या. ऑपरेटर ठेवायचाच असेल तर खाटेचा नंबर सुटा आकडा करून सांगायचा आणि उलटून वाचून घ्यायचा, ‘सहा, शून्य’ असा. हा नियम भिंतीवर लावून पाळायला लावा. आणि रात्री रिसेप्शनवर एकच माणूस असतो, तो बिलात किंवा अॅडमिशनमध्ये अडकला की निरोप तिथेच थांबतो.

फोनच्या आकड्यांवरून

ईपीएबीएक्सला, म्हणजे रुग्णालयाच्या अंतर्गत फोन एक्स्चेंजला, पेजिंगचा जोड दिला की वॉर्डातला कुठलाही फोन चालतो. पेजरचा नंबर दाबा, मग खाट आणि कोड. आकडी निरोपात पोकसॅगचं काम आणखी हलकं होतं: एका आकड्याला चारच बिट लागतात. २१४-३३ असं गेलं तर वाचणाऱ्याने समजायचं, खाट २१४, सलाईन संपत आली.

स्वस्त, टिकाऊ आणि नेट बंद पडलं तरी चालणारी ही पद्धत मला आवडते, पण एका अटीवर: कोडांची संख्या दहापर्यंतच हवी. जपानमध्ये नव्वदच्या दशकात शाळकरी मुलं पेजरवर दोन-दोन आकड्यांनी एकेक अक्षर लिहीत आणि ती सारी जोडणी त्यांना पाठ असे. मैत्रिणीला निरोप धाडायला ते ठीक होतं. महिन्याला बदलणाऱ्या स्टाफकडून तीस कोड पाठ होण्याची अपेक्षा रुग्णालयाने धरू नये. याच बटणांवरून अक्षरं लिहायची सोय काही विक्रेते दाखवतात, ती तर सोडूनच द्या. रोमन लिपीत ‘बेड’ लिहायचं तर बी साठी २ चं बटण दोनदा, ई साठी ३ चं दोनदा, मग थांबायचं, आणि डी साठी तेच ३ चं बटण पुन्हा एकदा. हातमोजे घातलेल्या माणसाला हे सांगणंच चूक आहे.

संगणकावरचा फॉर्म

नर्सिंग स्टेशनवर संगणक असेल तर मला सगळ्यात जास्त भरवशाचा वाटतो तो हा मार्ग. पण फॉर्म कसा आहे, यावर सगळं अवलंबून आहे. बरेच जण एक मोठी रिकामी चौकट देतात, लिहा काय लिहायचं ते. मग एक सिस्टर लिहिते ‘लवकर या’, दुसरी लिहिते पेशंटची सगळी हकिगत, आणि चार ओळींच्या पेजरवर तिचा शेवट कापला जातो.

मी ज्यांना सल्ला देतो त्यांना तीनच खाने ठेवायला सांगतो. पहिल्यात खाट, तीही यादीतून निवडायची. दुसऱ्यात काम, आठ-दहा ठरलेल्या वाक्यांतून: सलाईन, ऑक्सिजन, रक्त आणणे, स्ट्रेचर, ड्रेसिंग, डॉक्टरांनी बघणे. तिसऱ्यात किती घाई. मोकळं लिहायला खाली वीस अक्षरांची एक ओळ ठेवा, पण ती भरायची सक्ती नको. कोणाला पाठवायचं ते सिस्टरने शोधू नये. वॉर्ड आणि शिफ्टवरून यंत्रणेनेच ठरवावं. ड्युटीचा तक्ता त्यात रोज भरावा लागतो, ते काम मेट्रनचं, म्हणजे सिस्टरांच्या प्रमुखाचं. तो भरला गेला नाही तर निरोप घरी झोपलेल्या माणसाच्या पेजरवर जाईल, म्हणून खरेदीआधीच विचारा की शिफ्ट बदलल्यावर तक्ता बदलायला किती क्लिक लागतात.

‘किती घाई’ या खान्यामागे पोकसॅगची एक जुनी सोय कामाला येते. प्रत्येक पेजरला कॅपकोड म्हणजे पत्ता असतो आणि पत्त्यासोबत दोन बिट वेगळे जातात. दोन बिटांतून चार प्रकार होतात, त्यामुळे एकाच पेजरवर चार वेगळ्या हाका वाजवता येतात. साध्या कामाला नुसती थरथर, कोड ब्लूला, म्हणजे रुग्णाचं हृदय किंवा श्वास थांबल्याच्या आणीबाणीला, लांब कर्कश शिटी. माणूस स्क्रीन बघायच्या आधी पायऱ्या चढायला लागतो. शिवाय एका पेजरमध्ये एकाहून जास्त कॅपकोड भरता येतात, एक स्वतःचा आणि एक टीमचा. कोड ब्लू एकदाच टाकायचा, आरएमओ (रुग्णालयातला ड्युटीवरचा डॉक्टर), भूलतज्ज्ञ, आयसीयूची सिस्टर सगळ्यांकडे एकाच वेळी वाजतो. ही सोय पुष्कळ यंत्रांत असते आणि विक्रेते ती सांगत नाहीत. तुम्ही विचारा.

मराठीतून निरोप जाईल का, हेही विचारलं जातं. पोकसॅगचं सात बिटांचं अक्षर मुळात रोमन लिपीपुरतं आहे, त्यामुळे साध्या पेजरवर देवनागरी उमटत नाही. फॉर्मची चौकट मात्र मराठीत ठेवा. सिस्टर मराठीत वाचून निवडेल, पेजरवर रोमन अक्षरांतला छोटा शब्द जाईल. मावशी आणि वॉर्डबॉयसाठी तर शब्दही नको, खाटेचा आकडा आणि हाकेचा प्रकार पुरतो.

भिंतीवरचं बटण

खाटेशी किंवा ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) दाराशी एक बटण, ते दाबलं की ठरलेला निरोप ठरलेल्या मनगटी पेजरवर. इथे टाइप करणं नाहीच, म्हणून चुकीला जागा सगळ्यात कमी. पंधरा-वीस खाटांच्या प्रसूतिगृहाला एवढं बास आहे. मर्यादाही उघड आहे: बटण ‘या’ एवढंच म्हणतं, ‘काय घेऊन या’ ते सांगत नाही. वॉर्डबॉय आधी रिकाम्या हाताने येतो, मग परत जातो.

मग मोबाइलच का नाही?

व्हॉट्सअॅप ग्रुप सगळ्यांकडे आहे आणि फुकट आहे. पण त्यात सुप्रभात आणि कोड ब्लू एकाच आवाजात येतात, आणि पावसाळी रात्री नेट गेलं की दोन्ही येत नाहीत. एसएमएसचा विचार असेल तर दोन गोष्टी ध्यानात घ्या. देवनागरीत एका एसएमएसला ७० अक्षरं मिळतात, रोमनमध्ये १६०. आणि सॉफ्टवेअरमधून एसएमएस पाठवायचे तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा साचा डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेत, आधी नोंदवावा लागतो. साच्यातलं वाक्य बदललं की पुन्हा नोंदणी. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत २०१९ साली सुमारे १,३०,००० पेजर होते आणि २०२१ अखेर ते बंद करायचं तिथल्या आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केलं. तरीही वायफाय बंद पडल्यावर आणीबाणीसाठी काही पेजर ठेवायची मुभा त्या घोषणेतच होती. मोबाइल सोबत असू द्या. त्याच्या एकट्याच्या भरवशावर आयसीयू चालवू नये, एवढंच माझं ठाम मत आहे.

निरोपाची नोंद

इथे चारही पद्धतींची खरी परीक्षा होते. साधा पेजर एकतर्फी असतो: निरोप पोचला की नाही, हे पाठवणाऱ्याला कळत नाही. लिफ्टमध्ये किंवा एक्स-रेच्या शिसं लावलेल्या खोलीत माणूस असेल तर निरोप हवेतच राहू शकतो. उपाय महागडा नाही. यंत्रणेने प्रत्येक पेजरवर जाणाऱ्या निरोपांना ओळीने क्रमांक द्यावा. पेजरवर ४१ नंतर थेट ४३ आला की वाचणाऱ्याला कळतं, मधला एक हुकला. ज्याला बोलावलं त्याने खाटेशी पोचल्यावर तिथल्या फोनवरून ठरलेला छोटा नंबर दाबायचा, की निरोपासमोर वेळ आपोआप पडते. ठरावीक वेळेत ती पडली नाही तर निरोप पुन्हा आणि वरच्या माणसालाही जावा. ऑपरेटरच्या पद्धतीत ही नोंद वहीत हाताने होते आणि गडबडीच्या रात्री नेमकी तीच राहते. फॉर्ममध्ये ती आपोआप होते. बटणाच्या स्वस्त संचांत बहुधा नसतेच, शेवटच्या काही हाका पेजरमध्ये दिसतात तेवढ्याच.

निरोपात रुग्णाचं नाव मात्र नको. पोकसॅगला कुलूप नाही. स्वस्तातला रेडिओ रिसीव्हर आणि फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घेऊन समोरच्या इमारतीतला कुणीही तो निरोप वाचू शकतो. खाटेचा नंबर पाठवा, नाव आणि आजार कधीच नाही.

तर निवड अशी. वीसपर्यंत खाटा असतील तर बटणं आणि जोडीला फोनचे दहा कोड. तीस ते साठ खाटा, दोन-तीन मजले, आयसीयू आणि ओटी असेल तर तीन खान्यांचा फॉर्म, संगणक बंद पडला तर फोनचे तेच कोड, आणि ओटीच्या दाराशी बटण. त्याहून मोठ्या ठिकाणी ऑपरेटर लागेलच, पण बाहेरच्या फोनपुरता.

कोटेशनवर सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या. ट्रान्समीटर कुठल्या फ्रिक्वेन्सीवर आणि किती ताकदीचा: ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झमध्ये १ वॅटपर्यंतच्या यंत्राला वेगळा परवाना लागत नाही, मोठ्या ट्रान्समीटरला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची परवानगी लागते, आणि ती कोण काढणार हे कागदावर हवं. ट्रान्समीटर आणि फॉर्मचा संगणक, दोन्ही इन्व्हर्टरवर असतील का. आणि ठरलेल्या वाक्यांची यादी तुमची मेट्रन स्वतः बदलू शकेल, की दरवेळी इंजिनिअर बोलवावा लागेल. शक्य असेल तर आठवडाभर चाचणीला मागून घ्या, आणि चाचणी रात्रीच्या शिफ्टच्या सिस्टरच्या हातून करवा, कूलर सुरू असताना.