‘तीन महिन्यांत बोलेल’ म्हणणाऱ्यांपासून सांभाळा

अठ्ठ्याण्णव हजार रुपये. माझ्या मुलाला बोलतं करतो म्हणणाऱ्या एका थेरपी केंद्राने घेतले. आकडा आधीच लिहून टाकते, कारण नवऱ्याला सांगायला मला अकरा दिवस लागले आणि आता तो कुणापासून लपवायचा नाही. नोंदणी २,५००. सहा महिन्यांचं पॅकेज ७२,०००. ‘ब्रेन मॅपिंग’ ८,५००. घरी कानाला लावायचा हेडफोनचा संच ११,५००. आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढून द्यायचे ३,५००. हे शेवटचं कार्ड सरकार फुकट देतं! स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, सरकारी इस्पितळात तपासणी करून घ्यायची, कार्ड पोस्टाने येतं. त्यासाठी कुणालाही एक रुपया देऊ नका.

बाबू आठ वर्षांचा आहे. ऑटिझम आहे हे तो साडेतीन वर्षांचा असताना कळलं. ‘उदक’ स्पष्ट म्हणतो, बाकी बहुतेक हात धरून नेऊन दाखवतो. आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. सरकारी थेरपीची तारीख महिना-दीड महिन्याने मिळायची, बसने जाऊन येण्यात अख्खा दिवस मोडायचा, आणि शाळेतून दर आठवड्याला तोच निरोप: याचं दुसरीकडे काहीतरी बघा. अशात म्हापशाकडे नवीन केंद्र निघाल्याचं जाऊबाईंनी सांगितलं. मी डोळे मिटून गेले नाही. तिथे मुलं पाठवणाऱ्या दोन आयांशी आधी फोनवर बोलले होते. त्याही आज माझ्यासारख्याच बसल्या आहेत.

आत निळ्या गाद्या, झोपाळा, भिंतीवर केंद्र चालवणाऱ्या मॅडमचा पर्पल फेस्टमधला फोटो. दिव्यांगांसाठीच्या पणजीतल्या त्या महोत्सवाला कुणीही जाऊन फोटो काढू शकतो, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. मॅडम म्हणाल्या, “ताई, तीन महिन्यांत तुम्हाला आई म्हणून हाक मारेल. लिहून देते.” आठ वर्षं मी या एका शब्दासाठी थांबले आहे. तो शब्द असा दुकानातल्या मालासारखा पुढ्यात ठेवायला जीभ कशी रेटते माणसाची?

लगेच दुसरा घाव. “आमचा रिपोर्ट नसेल तर शाळा पुढच्या वर्षी ठेवणार नाही.” धादांत खोटं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३१ सांगतं की ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. त्यात खासगी केंद्राच्या रिपोर्टाचा कुठे संबंधच नाही. मला हे पैसे गेल्यावर कळलं. पॅकेज म्हणे ९६,००० चं, गणेश चवथीआधी एकरकमी भरलं तर ७२,०००. दोन बांगड्या मोडल्या, चाळीस हजार पतसंस्थेतून उचलले आणि भरले. एका महिन्याहून जास्त आगाऊ मागणाऱ्याकडे दुसऱ्यांदा पाऊल टाकू नका. पावतीही नीट वाचा. माझ्या पावतीवर ‘देणगी’ लिहिलं आहे.

आणि तो रिपोर्ट. चौदा पानांचा. तिसऱ्या पानावर बाबू मुलगी होता. ‘वेणी घालू देत नाही,’ असं लिहिलेलं. बाबूचे केस मी घरीच मशीनने बारीक कापते! वर नावाच्या जागी व्हाइटनर फासून त्यावर पेनाने बाबूचं नाव घातलेलं. मी बोट ठेवून दाखवलं. मॅडम हसल्या, टायपिंगची चूक म्हणाल्या, दोन ठिकाणी खाडाखोड करून पान परत दिलं, आणि मी ‘बरं’ म्हणाले. घरी ते पान उलटं करून खिडकीशी धरलं. व्हाइटनरखालचं नाव मागच्या बाजूने उमटलं होतं, एका मुलीचं. ते वाचूनही मी पान फाईलमध्ये ठेवून दिलं. बहात्तर हजार भरून झाले होते, हे खोटं आहे असं मानलं तर बाबूचा शब्दही गेला. म्हणून मानलं नाही. त्या दिवशी उठले असते तर हेडफोनचे आणि कार्डाचे मिळून पंधरा हजार तरी वाचले असते.

आठवड्याला दोन, म्हणजे ४८ सेशन ठरली होती. झाली ११. मग मॅडम बाहेरगावी, मग फोन बंद, मग एका मंगळवारी कुलूप. काचेतून पाहिलं तर झोपाळ्याचे हुकसुद्धा काढून नेले होते.

पोलीस स्थानकात ऐकलं, “पैसे तुम्ही राजीखुशीने दिलेत, थोडी सेवाही मिळाली, हा दिवाणी मामला.” यूपीआयने दिले म्हटल्यावर सायबरकडे धाडलं. तिथले म्हणतात, समोर बसून दिलेत, मग यात सायबर काय? (ऑनलाइन फसलात तर १९३० वर त्याच तासात फोन करा, दिवस गेले की पैसे पुढे सरकलेले असतात.) पंचायतीत कळलं, परवाना ट्यूशन क्लासचा होता. दिव्यांगांचं काम पाहणाऱ्या कार्यालयात म्हणाले, केंद्राची आमच्याकडे नोंदणीच नाही, कारवाई कशावर करायची? म्हणजे नोंदणी करणाऱ्याला नियम आणि न करणाऱ्याला मोकळं रान? सहा फेऱ्या झाल्या, सहाही वेळा बाबूला घेऊन, कारण त्याला ठेवायचं कुणाकडे? एका ठिकाणी पंख्याच्या घरघरीने तो कानांवर हात ठेवून टेबलाखाली बसला, तर कारकून म्हणतो, “याला जरा गप्प करा.” दिव्यांगांची फाईल हातात घेऊन बसलेला माणूस!

भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२ चा आहे. परिषदेत नोंद नसताना असा व्यवसाय करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. एक हजार! माझ्याकडून एका सेशनचे दीड हजार लावले होते. थेरपिस्टचा सीआरआर क्रमांक, म्हणजे परिषदेतला नोंदणी क्रमांक, मागा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा, भिंतीवरच्या चौकटीवर जाऊ नका. मी मागितला होता, “कार्ड रिन्यूला गेलंय” म्हणाल्या. पैशांची तंगी असेल तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय विमा योजना आधी बघा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यात १ लाखापर्यंत संरक्षण आहे आणि थेरपीचा खर्चही धरला जातो.

मी ग्राहक आयोगात तक्रार घातली आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. पावती, यूपीआयचे संदेश आणि ते तिसरं पान जोडलं आहे.

त्या पानावरच्या मुलीचं नाव मी इथे लिहिणार नाही. पण ज्यांची मुलगी वेणी घालू देत नाही आणि ज्यांनी त्या निळ्या गाद्यांवर पैसे मोजले, त्यांनी मला शोधा. तुमच्या मुलीच्या रिपोर्टाचं एक पान माझ्याकडे आहे. तक्रारीवर दुसरी सही हवी आहे.